दुपारच्या सुट्टीचा रूळ

गुंजवणे,
ता. १९ डिसेंबर १९२८

तीर्थस्वरूप दादास, रतनचा नमस्कार.

सगळी खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. खरं विचारशील तर सासूबाईंचा गुडघा धरला आहे, ह्यांना भात झोडायला माणूस मिळत नाही आणि माझं डोकं फिरलं आहे. त्याचं कारण सांगायलाच हे पत्र.

काल चंपाषष्ठी झाली. आमच्या वरच्या वाडीत रायबा धनगर राहतो. त्याच्या शेळ्यामेंढ्या उन्हाळ्यात आमच्या शेतात बसतात, त्या खतावर आमचं भात पिकतं. तो दरसाल तळी उचलतो आणि खंडोबाचा पहिला नैवेद्य कुत्र्यांपुढे ठेवतो, आपल्या घरी ठेवतात तसाच. काल भरीत-भाकरी मांडली मात्र, करवंदीच्या जाळीतून पंधरा-सोळा परकी कुत्री खाली आली. त्यांनी रायबाची स्वतःची दोन कुत्री भिंतीपर्यंत रेटली आणि नैवेद्य फस्त केला. काठी कोणी उचलावी? सण त्यांचाच.

ही धाड पाऊस सरल्यापासून आमच्या रानात आहे. कुठून आली, देव जाणे. दिवाळीपासून मी भेकराचं ओरडणं ऐकलं नाही. ससे दिसत नाहीत. परवा ओढ्याकाठी तीन पिसोऱ्या मरून पडल्या होत्या. पिसोरी म्हणजे हरणातलं सगळ्यात लहान, सशाएवढं, बिनशिंगाचं जनावर. तू लहानपणी पाहिलं आहेस. तिन्हींचे गळे फाडलेले, खाल्लेली एकही नाही. वाघ खाण्यापुरतं मारतो. ही खेळ म्हणून मारतात.

आणि जंगल खात्याचे आमचे शहाणे रखवालदार म्हणतात, रान रायबाच्या कुत्र्यांनीच संपवलं. तसं त्यांनी वर लिहूनही दिलं आहे. रायबाची कुत्री मारायची आणि त्याचा चराईचा परवाना काढून त्याला डोंगराखाली उतरवायचं, असं चाललं आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तू धरणावर होतास, आता भोरला कचेरीत आहेस. अर्ज कोणाकडे करायचा तेवढं कळव.

तुझी,
रतन

*

भोर,
ता. २ जानेवारी १९२९

चिरंजीव सौभाग्यवती रतन हिस सावळारामचे आशीर्वाद.

पत्र पावलं. तू चौथी शिकलीस याचा मला अभिमान आहे, पण चौथी शिकलं की जंगल खात्यातलं सगळं कळतं असं नाही. तू लिहितेस ती पाळीव कुत्री नसून कोळसुंदे, म्हणजे रानकुत्री असणार. रानात पूर्वीपासून कोळसुंदे आहेत, ते कळपानं शिकार करतात. काही वर्षं वाढतात, मग आपोआप कमी होतात. रान आपलं आपण बघून घेतं.

रायबाच्या भानगडीत तू पडू नकोस. रखवालदाराशी वाकडं घेऊन गावात कोणाचं भलं झालं आहे? तुझ्या घरच्यांनाही गवताला, लाकडाला त्याच्याच दारात जावं लागतं.

तुझी वहिनी अंबू बरी आहे. माझी नोकरी येत्या जूनमध्ये कायम होईल अशी आशा आहे, तेव्हा या दिवसांत माझ्या नावानं कुठं अर्जबिर्ज नको.

एक सहज विचारतो. त्या कळपात डावा कान फाटलेला, एक पाय पांढरा असलेला काळा कुत्रा आहे का? असला तरी त्याला कोणी दगड मारू देऊ नकोस. कसंही झालं तरी ते देवाचं जनावर.

तुझा,
दादा

*

गुंजवणे,
ता. १६ जानेवारी १९२९

दादास नमस्कार.

उंटावरून शेळ्या हाकू नकोस. कोळसुंदा मी पाहिला आहे. तो तांबडा असतो, शेपटीला काळा झुबका असतो आणि तो भुंकत नाही, शीळ घालतो. ही भुंकतात. एक ठिपक्याठिपक्यांचं आहे, दोघांच्या शेपट्या वळलेल्या आहेत. असले कोळसुंदे भोरच्या कचेरीत असतील, आमच्याकडे नाहीत.

आणि हो, फाटक्या कानाचा आहे. पाय पांढरा, तोही आहे. सगळ्यांच्या पुढं तोच असतो. पण तो कोळसुंदा असेल तर त्याचा डावा कान तुला भोरला बसून कसा दिसला?

आणखी दोन गोष्टी लिहिते, त्यांचा अर्थ तूच लाव. परवा घिसाडी आले, आमच्या अंगणात ऐरण मांडून फाळ शेवटत, म्हणजे ठोकून धार लावत होते. भर दुपारी घण पडायला लागला तशी ती सगळी कुत्री रानातून निघाली आणि ओढ्यापलीकडच्या मोठ्या खडकाशी ओळीनं बसली. भुंकणं नाही, भांडण नाही. नुसती आमच्याकडे बघत बसली. घण थांबल्यावर थोडा वेळ वाट पाहिली आणि उठून गेली. सासूबाई म्हणाल्या, हा काहीतरी देवाचा प्रकार आहे. मला तो माणसाचा प्रकार वाटतो.

दुसरी गोष्ट. मेलेल्या भेकराजवळ रायबाला झुडपात अडकून तुटलेला पट्टा सापडला. तो माझ्या हातात देऊन म्हणाला, "ह्यो मानसानं बांदल्याला हाय, बाई. रानात कोन पट्टं बांदतंय?" कातडी कमरपट्टा कापून केलेला आहे, पितळी बकल आहे. दादा, धरणावर असताना तू पट्टा बांधायचास. तो हल्ली कुठं आहे?

रायबाला होळीपर्यंतची मुदत मिळाली आहे. त्याची लाखी कुत्री गाभण आहे. होळीला तिला गोळी घालायची म्हणतात.

रतन

*

भोर,
ता. ३० जानेवारी १९२९

चि. सौ. रतन हिस आशीर्वाद.

पट्टा धरणावरच गहाळ झाला. असले पट्टे तिथं पन्नास जणांकडे होते, त्यामुळे त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

रायबाला एक उपाय सांग. त्यानं आपली दोन्ही कुत्री महिनाभर बांधून ठेवावीत. म्हणजे रखवालदारांची आपोआप खात्री पटेल. कटकटीपेक्षा शांततेनं कामं होतात.

मोटारीनं नसरापूरपर्यंत जाणाऱ्या माणसाबरोबर गुळाची ढेप पाठवली आहे. संक्रांतीला पाठवायची राहून गेली. सासूबाईंच्या गुडघ्याला निरगुडीचा शेक द्यावा.

दादा

*

गुंजवणे,
ता. १० फेब्रुवारी १९२९

दादास,

गूळ पोचला. गोड आहे. तुझा उपाय मात्र आमच्या अंगाशी आला.

रायबानं कुत्री बांधली. राखणीला कोणी नाही हे कळपाला दोन दिवसांत समजलं. पाच करडं नेली. रानात काही उरलं नाही म्हणून बिबट्याही आता वाडग्याशी येतो. पूर्वी त्याला भेकरं पुरायची, तो कधी खाली उतरत नव्हता. त्याच आठवड्यात खिंडीत आणखी दोन भेकरं मेली. रखवालदार आले, त्यांनी बांधलेली कुत्री डोळ्यांनी पाहिली आणि म्हणाले, मी येतोय हे कळल्यावर बांधली असतील. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा कारभार. मी घरात येऊन भांडी आपटली, दुसरं काय करणार.

रायबाची बायको भागूबाई मला म्हणाली, "तुजा भाऊ कचेरीत हाय न्हवं? त्येला सांग, आमी कुत्री बांदली. आता डोंगुर बी बांदून ठेवतो." ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिचा आजेसासरा त्या वाडीत जन्मला. होळीनंतर ही सहा माणसं आणि चाळीस जनावरं कुठं जाणार?

आता पट्ट्याचं. त्या बकलाला एका कोपऱ्यावर पोचा आहे. माझ्या लग्नाआधीच्या दिवाळीत मी ते चिंच लावून घासत होते, हातातून सुटून जात्यावर पडलं. तू दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतास. पन्नास जणांचे पट्टे असतील, पण पन्नास जणांच्या बहिणींनी ते जात्यावर पाडले नसतील.

मला शाळेत तू घातलंस. आई नको म्हणत होती, तू तिच्याशी भांडलास. त्या अक्षरांनीच आता तुला लिहिते. पंधरा दिवसांत तू खरं कळवलं नाहीस, तर बकल घेऊन मी भोरला येईन आणि तुझ्या कचेरीच्या पायरीवर बसेन. तुझी बहीण म्हणून नाही, रायबाची साक्षीदार म्हणून.

रतन

*

भोर,
ता. १८ फेब्रुवारी १९२९

प्रिय रतन,

तू येऊ नकोस. मीच येतो. येण्याआधी लिहून टाकतो, कारण तुझ्यासमोर मला हे बोलता येणार नाही.

धरणाचं काम संपलं, छावणी मोडली. चार हजार माणसं आपापल्या मुलखाला गेली. कोणी खानदेशातून आलेलं, कोणी तेलंगणातून. राखणीला कुत्री आणली होती, ती मागं टाकून गेली. मी भांडाराचा कारकून. दुपारच्या सुट्टीसाठी भांडारापुढं आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, तो मीच हातोडीनं वाजवायचो. तो वाजला की माणसं जेवायला बसायची आणि कुत्री तुकड्यांसाठी जमायची. माणसं गेल्यावर मी माझ्या शिध्यातून भाकऱ्या घालत राहिलो. त्यांना नावं ठेवली. तो फाटक्या कानाचा सगळ्यांवर देखरेख करत हिंडायचा, म्हणून मुकादम. पट्टा त्याच्या गळ्यात मीच बांधला. पट्टा दिसला म्हणजे धनी आहे असं समजून कोणी मारणार नाही, असं वाटलं.

मग कुत्री संपवायचा हुकूम आला. कुचल्याच्या विषाची पूड माझ्या हाती दिली. मी पिठात कालवली, भाकऱ्या थापल्या, दुपारी रूळ वाजवला. एकोणीसच्या एकोणीस आली आणि ओळीनं बसली. रतन, आपलं कुलदैवत काय, आईनं आपल्याला काय शिकवलं, ते सगळं त्या वेळी माझ्या हातात येऊन बसलं. मला भाकरी टाकता आली नाही. ती पुरून टाकली. दोन बैलगाड्या केल्या, जाळ्या बांधल्या आणि सगळ्यांना तुमच्या खिंडीच्या अलीकडं सोडून आलो. रानात खायला काय कमी आहे, असं वाटलं. कागदावर लिहिलं, विल्हेवाट लावली.

मी पुण्य केलं या समजुतीत तीन महिने होतो. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच कळलं होतं. त्या पिसोऱ्या, ती भेकरं मीच मारली आणि नाव रायबाचं झालं. नोकरी जाईल म्हणून मी तुला कोळसुंदे शिकवत बसलो.

काल साहेबांपुढं सगळं लेखी दिलं. ते काय करतील माहीत नाही. रूळ माझ्या परसात आहे, तो घेऊन शनिवारी निघतो.

दादा

*

गुंजवणे,
ता. १४ मार्च १९२९

दादास नमस्कार.

न जेवता गेलास. सासूबाई अजून मला बोलतात. पिठलं तसंच राहिलं.

तू गेल्यावर काय झालं ते कळवते. तू त्या खडकाशी रूळ टांगून वाजवलास, तिसऱ्या दुपारी कुत्री आली, तुझ्या हातून भाकरी खाऊन अकरा जणांनी माना दोरीत दिल्या, हे रखवालदारांनी स्वतः पाहिलं. दुसऱ्या दिवशी भागूबाईच्या दारात येऊन पाणी मागून प्यायले. चूक झाली असं काही म्हणाले नाहीत, पण पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी परत दिला. परवाना राहील म्हणतात. अट एकच, उरलेला कळप होळीपर्यंत आवरायचा.

एकोणिसातली अकरा तुझ्या गाडीतून गेली. चार परतीच्या पावसात किंवा वाघरात, म्हणजे शिकारीच्या जाळ्यात अडकून मेली असावीत. रायबानं हाडं दाखवली. राहिली चार. तीन बुजरी आणि चौथा मुकादम. आम्ही रोज दुपारी रूळ वाजवतो. तो येतो, खडकावर बसतो, आमचे चेहरे बघतो आणि तू नाहीस हे बघून जातो. मागून ती तिघं जातात. काल त्यानं आणखी एक गाभण भेकर मारलं. पोटातलं पाडस बाहेर आलं होतं. रायबानं ते मातीआड केलं.

लाखीला सहा पिल्लं झाली. भागूबाईनं त्यातली दोन शेळीच्या आचळाला लावली आहेत. शेळीचं दूध पिऊन वाढलेलं कुत्रं शेळीला आपली समजतं आणि तिला सोडून रानात जात नाही, ही त्यांची रीत. तुझ्या त्या कुत्र्यांना धनी होता, पण असं कोणी नव्हतं.

आता जे लिहायचं ते लिहिते. मुकादमाला दोरी लागणार नाही, तुझ्या हातून खाल्लं तरी दोरी पाहताच तो निसटला. त्याला रक्ताची चटक लागली आहे. रखवालदाराकडे बंदूक आहे, पण माणूस दिसला की तो गोळीच्या टप्प्यात थांबत नाही. तो तुझ्यासाठीच थांबेल. मी काय मागते आहे ते मला कळतं, दादा. तरी मागते. ये.

रतन

*

भोर,
ता. २९ मार्च १९२९

प्रिय रतन,

या खेपेलाही जेवलो नाही, राग धरू नकोस.

तू घरात थांबलीस, म्हणून तुला सांगतो. बारा वाजता मी रूळ वाजवला. पहिल्या तीन टोल्यांतच तो जाळीतून बाहेर आला. ओढा ओलांडून धावत आला, खडकावर थांबलासुद्धा नाही. रखवालदार शेजारच्या उंबरामागं होते. मी त्यांना आधीच सांगितलं होतं, त्याचं खाणं होईस्तोवर थांबा. मी ज्वारीची भाकरी आणली होती, अंबूनं तूप लावून दिली होती. त्यानं माझ्या हातातून घेतली. नेहमीसारखी जमिनीवर ठेवून पुढच्या दोन पायांत धरून खाल्ली. मग शेवटचा तुकडा राहिला का म्हणून माझा हात हुंगला. मी बाजूला झालो.

मागच्या वेळी विषाची भाकरी मला त्याच्यापुढं टाकता आली नाही. या वेळी चांगली भाकरी घातली आणि तरी तेच केलं. तेव्हाच केलं असतं तर तुमचं रान वाचलं असतं. मला दोन्ही दिवसांचं वाईट वाटतं, आणि कोणत्या दिवसाचं जास्त, ते ठरवता येत नाही.

ती तिघं संध्याकाळच्या आत आपण होऊन दोरीला आली.

जेजुरीला जाऊन आलो. देवापुढं उभा राहिलो, काही मागितलं नाही. साहेबांनी नोकरी ठेवली, पण कायम व्हायचं दोन वर्षं पुढं गेलं. परसात चौदा कुत्री आहेत. शेजारी बोलत नाहीत आणि अंबू तर मुळीच बोलत नाही. ज्यांच्याकडे मळे आहेत अशा माणसांना, बांधून ठेवीन असं वचन घेऊन, एकेक देतो आहे.

दादा

*

गुंजवणे,
ता. १८ नोव्हेंबर १९३०

तीर्थस्वरूप दादास रतनचा नमस्कार.

दीड वर्षात तुझी चार पत्रं आली आणि चारींत तू विचारलंस, रान कसं आहे? मी उत्तर दिलं नाही, कारण सांगण्यासारखं नव्हतं. कुत्री गेली म्हणजे दुसऱ्या दिवशी जनावरं येतील, असं तुझ्यासारखं मलाही वाटलं होतं. पहिला पाऊस तसाच गेला. रान गप्पच होतं. रायबा म्हणायचा, येतील, त्यांना पोरं व्हायला येळ लागतो.

तर आता ऐक. ससे आले. नुसते आले नाहीत, बोकाळले. माझा हरभरा दोन पानांवर आला, त्यांनी एका रात्रीत साफ केला. साळिंदरानं रताळी उकरली. ह्यांनी कुंपणाला काटे लावले तर त्याखालून येतात. बघशील तिकडं लेंड्या. मी इतकी वैतागले आहे की एखादं कुत्रं परत पाठव म्हणणार होते, पण जीभ चावली. लाखीची दोन पोरं रात्री बांधावर असतात, तेवढ्यानं निभावतं.

भेकरं या श्रावणापासून खिंडीत ओरडतात. दिवाळीत तीन ठिकाणांहून ओरडली. बिबट्या वाडग्याकडे फिरकला नाही, त्याला वर पोटभर मिळतं. रायबाचा परवाना या साली मुकाट्यानं मिळाला.

पिसोरी मात्र दिसेना. आषाढ गेला, दसरा गेला. मी आशा सोडली होती. परवा भागूबाई पाण्याहून धावत आली, हंडा ओढ्यावरच टाकून. मला हाताला धरून घेऊन गेली. चिखलात माझ्या नखाएवढे खूर उमटले होते. आणि त्यांच्याजवळ आणखी लहान, तांदळाएवढे म्हटलं तरी चालेल. आम्ही दोघी तिथं बराच वेळ उकिडव्या बसलो. मग भागूबाई म्हणाली, "तुज्या दादाला लिव." म्हणून लिहिते.

तुझा रूळ शाळेला दिला. मास्तर तो सकाळी आणि दुपारी वाजवतात, पोरं धावत येतात. दुपारचा वाजला की माझं लक्ष अजून ओढ्यापलीकडच्या खडकाकडे जातं. तिथं कोणी नसतं. नसावं हेच बरं, हे मला कळतं.

येत्या आठवड्यात चंपाषष्ठी आहे. रायबा तळी उचलणार आहे. त्याचं म्हणणं, वाडीतल्या कुत्र्यांचा नैवेद्य आम्ही ठेवू, पण एक भाकरी त्या खडकावरही ठेवायची, मुकादमाच्या नावची. ती कोणी ठेवायची हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वहिनीला तूप लावून द्यायला सांग.

या खेपेला मात्र जेवल्याशिवाय सोडणार नाही. आणि येताना पायलीभर हरभरा बियाण्याला आण, मला पुन्हा पेरायचा आहे.

तुझी,
रतन